घरगुती मोटारबांधणीतील काळ आणि पैसा : पेण-रोहे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सुटे भाग जमवून, अथवा एखाद्या कारखान्याने पुरविलेला जुळणी-संच विकत घेऊन, घरच्या आवारात मोटारगाडी बांधणे हा उद्योग इंग्लंड-अमेरिकेत गेली सत्तर वर्षे रूढ आहे. महाराष्ट्रात त्याची उदाहरणे तुरळक असली तरी ती बोधप्रद आहेत. या उद्योगाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा यंत्रविद्येच्या अंगाने. वस्तुतः असे प्रयत्न फसतात ते कौशल्याच्या अभावी क्वचितच. लागणारा काळ आणि लागणारा पैसा यांचा अंदाज चुकल्यामुळे ते बहुधा अर्धवट राहतात. पडवीत ताडपत्रीखाली गंजत पडलेली चौकट म्हणजे केवळ फसलेला छंद नव्हे. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाने कित्येक वर्षे बाजूला टाकलेली पुंजी तिच्यात अडकलेली असते. म्हणून हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे ही दोन गावे या विवेचनासाठी निवडण्यास कारणे आहेत. जिल्ह्यातील ‘एम. एच. ०६’ या संकेताचे परिवहन कार्यालय पेणला आहे. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत असून तेथील रासायनिक कारखान्यांच्या निमित्ताने लेथकाम, वेल्डिंग, पाइपजोडणी अशी कामे जाणणारा कारागीरवर्ग त्या भागात आहे. आणि मुख्य म्हणजे, घरच्या आवारात वस्तू घडवून ती ठरल्या दिवशी ग्राहकाच्या हाती देण्याची कला पेणच्या गणपती कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. मोटार बांधू इच्छिणाऱ्यास त्या कारखान्यांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१. संचाच्या गाडीचा उगम

संचाची गाडी ही कल्पना लोकप्रिय झाली ती हौसेइतकीच करपद्धतीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये नव्या मोटारीवर खरेदी-कर आकारला जात असे. सुट्या भागांच्या रूपाने विकल्या जाणाऱ्या गाडीला मात्र तो लागू होत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही हलकी गाडी बाजारात आणली आणि ती मोठ्या प्रमाणावर संचाच्या रूपात विकली. संचासोबत जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून कंपनीने गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या व ग्राहकाने त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचाव्यात अशी युक्ती योजली, असे सांगितले जाते. १९७३ साली खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, तेव्हा ही सवलत संपली. हौस मात्र टिकली. त्याच वर्षी ‘सेव्हन’च्या उत्पादनाचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या पेढीकडे गेले आणि ती गाडी पुढेही संचरूपात मिळत राहिली.

भारतात या उद्योगास असा करलाभ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के आहे आणि लहान मोटारींवरही तोच दर आहे. म्हणजे भाग वेगवेगळे घेऊन जोडले तर कर वाचतो, ही इंग्लंडमधील मूळ प्रेरणा येथे नाही. कारखान्यातील गाडी हजारोंच्या संख्येने तयार होते व तिचा प्रत्येक भाग घाऊक दराने घेतलेला असतो. घरी बांधणारा तोच भाग किरकोळ दराने घेतो. घरी बांधलेली गाडी स्वस्त पडेल, हे गृहीतक साहजिकच आरंभीच सोडून द्यावे लागते. तिचे मोल शिक्षणात, समाधानात आणि कौशल्याच्या वाढीत आहे. ते पुष्कळ असू शकते. पण अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूस ते रुपयांत मांडता येत नाही.

२. महाराष्ट्रातील तीन उदाहरणे

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मीरा’ या छोट्या मोटारीची कल्पना हाती घेतली आणि पुढील काही दशकांत तिचे एकामागून एक नमुने तयार केले. सामान्य भारतीय कुटुंबास परवडेल अशी गाडी हे त्यांचे उद्दिष्ट होते. नमुने रस्त्यावर धावले, परंतु गाडीचे कारखान्यात उत्पादन कधी होऊ शकले नाही. परवानापद्धतीच्या त्या काळात यंत्र तयार होणे आणि ते बाजारात येण्यास मोकळीक मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत्या, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे. त्यांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातील भागांपासून छोटी जीप बांधली. तिला सुमारे ६०,००० रुपये खर्च आला व ती दुचाकीप्रमाणे पायाने कळ मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीची देशभर वार्ता झाली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. त्याचबरोबर ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावर चालविण्यास प्रतिबंध करतील, हेही स्पष्ट सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबास नवी बोलेरो गाडी मिळाली. आनंदाचा शेवट झाला खरा, परंतु तो अपवादात्मक योगायोगाने झाला, ही गोष्ट नियोजन करणाऱ्याने विसरू नये.

तिसरे उदाहरण मोटारीचे नसून विमानाचे आहे. तथापि प्रस्तुत विषयास ते अत्यंत निकटचे आहे. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची अनुज्ञा मिळाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. लोकांना दाखविण्याजोगे विमान उभे राहिल्यानंतर अनुज्ञा हाती येण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. हातोड्याचा काळ आणि कागदाचा काळ हे दोन्ही वेगळे मोजावे लागतात, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

३. कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ३९ अन्वये नोंदणीवाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही. नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी केंद्रीय नियमांप्रमाणे विक्रीचे प्रमाणपत्र (नमुना २१) आणि उत्पादकाने दिलेले रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र (नमुना २२) लागते. घरी बांधलेल्या गाडीस विक्रेता नसतो आणि नियमाच्या अर्थाने उत्पादकही नसतो. नियम १२६ अन्वये प्रत्येक उत्पादकाने आपल्या वाहनाचा आद्य नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था या त्यांपैकी होत. संस्था जवळ असल्या तरी ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी योजलेली आहे. एकाच गाडीसाठी तिचा खर्च सोसणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातील नव्हे. इंग्लंडमध्ये २००९ पासून एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. तसा सुलभ मार्ग आपल्या नियमांत नाही.

जुन्या, नोंदणीकृत गाडीच्या यंत्रावर नवा सांगाडा चढवावा, अशी पळवाट काहींना सुचते. परंतु कलम ५२ अन्वये उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला आहे. त्यामुळे नियोजनाचा पहिला प्रश्न ‘किती पैसे?’ हा नसून ‘गाडी कोठे चालवावयाची?’ हा होय. उत्तरे तीन संभवतात. एक, केवळ खाजगी आवारात किंवा स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावर चालणारी गाडी बांधणे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी अशाच गाड्या बांधतात. दोन, मूळ नोंदणी जिवंत असलेली जुनी गाडी मूळ स्वरूपातच पुनरुज्जीवित करणे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली असून तिची मुदत १० वर्षे आहे. तीन, नमुना-तपासणीचा संपूर्ण मार्ग पत्करणे. या तिहींपैकी निवड झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करणे म्हणजे पाया न आखता भिंत उभारणे होय. पेणच्या परिवहन कार्यालयात पहिली फेरी गाडी पूर्ण झाल्यावर नव्हे, तर चौकटीचे पोलाद घेण्यापूर्वी घालावी.

४. गणपती कारखान्यांचा पाठ

पेण शहर आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे इत्यादी गावे मूर्तिकामासाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कित्येक कारखाने घराला लागून असलेल्या मांडवात चालतात व घरातील सर्व माणसे त्यांत राबतात. या धंद्याचे अर्थकारण एका गोष्टीभोवती फिरते : भाद्रपद शुद्ध चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला आली. तारीख हलते, पण ती कित्येक वर्षे अगोदर ठाऊक असते. आणि ती उलटल्यावर उरलेली मूर्ती त्या वर्षापुरती विकली जाण्याची आशा नसते.

म्हणून कारखानदार चतुर्थीपासून मागे मोजतो. मूर्ती घरोघर जाण्याआधी दुकानांत पोहोचावयास हवी. त्याआधी रंगकाम व आखणी. त्याआधी मूर्ती पूर्ण सुकलेली हवी. आणि ती पावसाळ्यापूर्वी सुकावयाची तर साच्यातून काढण्याचे काम हिवाळ्या-उन्हाळ्यातच उरकले पाहिजे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती समुद्रमार्गाने जावयाच्या असल्याने त्यांचा क्रम याहूनही कित्येक महिने आधी लागतो. एका हंगामाची मिळकत हाती येते न येते तोच पुढील हंगामाच्या माती, साचे व मजुरीसाठी पैसा उभा करावा लागतो. काळ व पैसा यांची अशी एकमेकांत गुंफण फार थोड्या घरगुती उद्योगांत आढळते.

कच्च्या मूर्तीचा व्यापार तर संचाच्या गाडीशी थेट ताडून पाहण्याजोगा आहे. हमरापूर परिसरातून न रंगविलेल्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर बाहेरगावी जातात आणि तेथील कारागीर त्या रंगवून, सजवून पूर्ण करतात. विकत घेणाऱ्याचे घडणीचे कष्ट वाचतात, पण पूर्णतेचे वाचत नाहीत. कच्ची मूर्ती घेणाऱ्या नवख्यास वाटते की अर्धेअधिक काम झाले. डोळ्यांच्या आखणीस बसल्यावर त्याला कळते की कठीण भाग पुढेच आहे. संचाची गाडी घेणाराही बहुधा याच भ्रमात असतो.

बाह्य अनिश्चिततेचा धडाही येथेच मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी दिला. त्या वेळी चालू हंगामातील काम बरेच पुढे गेले होते. ९ जून २०२५ रोजी मूर्ती बनविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, परंतु नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावरील बंधन कायम राहिले. मधल्या चार महिन्यांत कारखानदारांपुढे जो पेच उभा राहिला तो कोणत्याही कौशल्याने सुटणारा नव्हता. तेथे हाताशी राखलेली शिल्लक हाच आधार होता. नियम बदलण्याची शक्यता हाही अंदाजपत्रकातील एक खर्च आहे.

५. काळाचा अंदाज

आपल्या कामास लागणारा वेळ मनुष्य सातत्याने कमी लेखतो. डॅनियल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्युलर, ग्रिफिन व रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. सर्व काही बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाचे सरासरी उत्तरही ४८.६ दिवसच होते. म्हणजे त्यांची भीतीसुद्धा वस्तुस्थितीहून आशावादी ठरली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे उदाहरण परके वाटू नये.

यावर एक व्यवहार्य उपाय १९५८ साली अमेरिकी आरमाराच्या पोलारिस प्रकल्पासाठी बसविलेल्या ‘पर्ट’ पद्धतीत आहे. प्रत्येक कामासाठी तीन अंदाज करावयाचे : सर्वांत अनुकूल, सर्वांत संभाव्य आणि सर्वांत प्रतिकूल. संभाव्य अंदाजाची चौपट करून तीत उरलेले दोन मिळवावयाचे व बेरजेस सहाने भागावयाचे. उदाहरणादाखल पाच कामे घेऊ. पुढील आकडे केवळ रीत समजावण्यासाठी गृहीत धरले आहेत.

चौकटीस ८०, १२० व २८० तास धरल्यास अपेक्षित काळ १४० तास येतो. चाकांची आधारयोजना, सुकाणू व ब्रेक यांस ६०, ९० व १८० तास धरल्यास १०० तास. इंजिन व गिअरबॉक्स यांची दुरुस्ती आणि बसवणी यांस ५०, ८० व १७० तास धरल्यास ९० तास. इंधन, शीतन व विजेची जोडणी यांस ४०, ७० व १६० तास धरल्यास ८० तास. वरचा सांगाडा व रंग यांस १००, १६० व ४०० तास धरल्यास १९० तास. केवळ संभाव्य अंदाजांची बेरीज ५२० तास होते. अपेक्षित काळाची बेरीज मात्र ६०० तास. अनिश्चिततेचे माप, म्हणजे प्रमाण-विचलन, सुमारे ७० तास येते. त्याची दुप्पट मिळविली म्हणजे सुरक्षित अंदाज ७४० तासांच्या घरात जातो.

आता तासांचे आठवडे करू. पेणमधील एखादा नोकरदार रविवारी ६ तास आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी प्रत्येकी २ तास, असे आठवड्याला १० तास देऊ शकतो असे धरू. उत्साही मनुष्य ५२० तासांस १० ने भागतो आणि ‘बावन्न आठवडे, म्हणजे एक वर्ष’ असे घरी सांगतो. परंतु प्रत्येक बैठकीत अवजारे मांडण्यात २० मिनिटे व आवरण्यात २० मिनिटे जातात. तीन बैठकांत मिळून २ तास गेले, उरले ८. गणपती, दिवाळी, शिमगा, लग्नसराई, आजारपण व परगावचे जाणे-येणे वजा जाता वर्षातील ५२ पैकी ४० आठवडे हाती लागले तर पुष्कळ. म्हणजे वर्षाचे ३२० तास. या हिशेबाने ६०० तासांस साडेबावीस महिने लागतात आणि ७४० तासांस सुमारे २८ महिने. घरी सांगितलेले एक वर्ष सव्वादोन वर्षांच्या पुढे जाते. आणि त्यात आळस, अपयश वा अपघात यांचा काडीचाही भाग नाही.

एकट्याने काम करणाऱ्यास दोन कामे एकाच वेळी करता येत नाहीत. पण प्रतीक्षा मात्र एकाच वेळी अनेक गोष्टींची करता येते. धाटावच्या लेथवर दिलेला भाग तीन आठवडे अडकणार असेल तर त्या काळात घरी विजेच्या तारांची गुंफण करता येते. जे काम बाहेर द्यावयाचे ते सर्वांत आधी द्यावे, हा यातून निघणारा साधा नियम.

६. पैशाचा अंदाज

खर्चाच्या अंदाजात जी चूक होते ती किमतींची नसून बाबींची असते. लोक मुख्य भागांच्या किमती चांगल्या शोधून काढतात आणि उरलेल्या बाबी लिहीतच नाहीत. पुन्हा उदाहरणादाखल गृहीत आकडे घेऊ. जुन्या गाडीचे यंत्र, चाके, पोलाद इत्यादी मुख्य भागांस १,५०,००० रुपये, अवजारांस ४०,०००, वेल्डिंगच्या कांड्या, ग्राइंडरच्या चकत्या, पॉलिशपेपर, थिनर, राळ अशा संपून जाणाऱ्या वस्तूंस २५,०००, लेथ, पत्रा वाकविणे, रंग इत्यादी बाहेरच्या कामांस ४५,०००, वाहतुकीस १५,०००, आणि छप्पर व वीज यांस २५,०००. एकूण ३,००,००० रुपये. म्हणजे ज्या भागांकडे सर्व लक्ष असते ते एकूण खर्चाच्या निम्मेच आहेत. यावर २० टक्के राखीव धरल्यास रक्कम ३,६०,००० होते.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. भोळा अंदाज १,५०,००० रुपये व १२ महिने, म्हणजे महिना १२,५०० रुपये असा होता. विचारपूर्वक केलेला अंदाज ३,६०,००० रुपये व २८ महिने, म्हणजे महिना सुमारे १२,८५७ रुपये असा येतो. मासिक भार जवळजवळ तोच. बदलली ती मुदत. त्यामुळेच ही चूक वर्षभर ध्यानात येत नाही. दरमहा ठरल्याप्रमाणेच पैसे जात असतात. बाराव्या महिन्यात गाडी पूर्ण व्हावयास हवी, आणि ती अर्धीही झालेली नसते. घरातील विश्वास उडतो तो या क्षणी. मुलांचे शिक्षण, घराची शाकारणी, कुणाचे लग्न अशा खर्चांची पाळी बारा महिन्यांनंतर लावलेली असते, आणि तेथे तेवढाच हप्ता आणखी सोळा महिने चालू राहतो. म्हणून अंदाजपत्रक घरातील सर्वांसमोर मांडावे, आणि त्यात रकमेइतकीच मुदत ठळक असावी.

खरेदीचा क्रमही अंदाजाचाच भाग आहे. उत्साहाच्या भरात सर्व वस्तू आरंभीच घेणारा दुहेरी तोटा सोसतो : पैसा अडकतो आणि वस्तू जुनी होते. बॅटरी न वापरताही उतरते. टायरचे रबर काळाने कडक होते. तंतुकाचेच्या कामास लागणारी राळ काही महिनेच टिकते आणि कोकणच्या उष्म्यात त्याहूनही कमी. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. या सर्व वस्तू शेवटी घ्याव्यात. पोलाद, सांधे व अवजारे आधी.

७. स्थळ आणि ऋतू

कोकणपट्टीत वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघडे पोलाद त्या हवेत काही दिवसांतच तांबूस होते. रंगावर दमटपणामुळे पांढुरकी झाक येते, आणि राळ घट्ट होण्यास विलंब लागतो. याचा अर्थ असा की वरील २८ महिने एकसारखे नाहीत. चौकटीचे वेल्डिंग व तिच्यावरील गंजरोधक थर पावसाळ्यापूर्वी संपले पाहिजेत. इंजिन, गिअरबॉक्स, तारांची गुंफण अशी छपराखालची कामे पावसाळ्यासाठी राखावीत. रंग मात्र थंडीतच.

येथे पेणचे आणखी एक वैशिष्ट्य उपयोगी पडते. साचा तयार करणे, त्यातून सुबक आकार काढणे व दाबाच्या हवेने रंगाचा एकसारखा थर देणे ही कौशल्ये मूर्तिकारांच्या अंगवळणी पडलेली असतात, आणि मोटारीच्या तंतुकाचेच्या सांगाड्यास नेमकी हीच लागतात. परंतु हे हात चतुर्थीपूर्वीच्या महिन्यांत मोकळे नसतात. भोळ्या अंदाजाचा मनुष्य दिवाळीस काम सुरू करतो, वर्षाने ते संपेल असे धरतो, आणि त्यामुळे सांगाड्याचे व रंगाचे शेवटचे चार महिने जुलै ते ऑक्टोबर असे येतात : म्हणजे पाऊस ऐन भरात आणि सर्व रंगारी गणपतीच्या कामात. उलट २८ महिन्यांचा हिशेब मांडणारा दिवाळीस आरंभ करील तर तिसऱ्या फेब्रुवारीच्या अखेरीस गाडी पूर्ण करील, आणि रंगाचे काम कोरड्या हवेत, कारागिरांच्या मोकळ्या दिवसांत पडेल. मोठा अंदाज केवळ अधिक खरा नसतो. तो ऋतूशीही अधिक जुळतो.

८. थांबण्याची स्थाने

शेवटी एक गोष्ट राहते. जे नियोजन केवळ पूर्णतेचा विचार करते ते अपुरे होय. काम कोठे थांबविता येईल, हेही आधी ठरले पाहिजे. चौकट तयार झाल्यावर, ती स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावर, इंजिन प्रथम सुरू झाल्यावर आणि रंगापूर्वी, असे चार टप्पे स्वाभाविक आहेत. प्रत्येक टप्प्यावर झालेला खर्च पूर्णपणे बाजूस ठेवून एकच प्रश्न विचारावा : येथून पुढे लागणारा पैसा व काळ आज नव्याने घालण्याजोगा आहे काय? आतापर्यंत इतके घातले म्हणून पुढेही घालावे, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात टिकत नाही आणि संसारातही टिकत नाही. चाकांवर उभी राहिलेली चौकट विकता येते, दुसऱ्याच्या हवाली करता येते, निदान अंगणातून हलविता येते. तुकड्यांच्या ढिगाचे यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून गाडी शक्य तितक्या लवकर चाकांवर आणावी, हा अनुभवी बांधणाऱ्यांचा आग्रह यंत्रविद्येहून अर्थविचाराने अधिक समर्थनीय ठरतो.

काटकसरीसही एक मर्यादा आहे, आणि ती ब्रेक व सुकाणू यांपाशी येते. राखीव रक्कम संपत आली की नवख्याचा हात आधी जेथे आखडतो ती नेमकी हीच न दिसणारी कामे असतात. रंगाची बचत कोणालाच करावीशी वाटत नाही. अंदाजपत्रकातील या एका बाबीस आरंभापासून कुलूप असावे. गाडी खाजगी आवारात चालविली तरी तीत बसणारी माणसे घरचीच असतात.

सारांश, घरी मोटार बांधणाऱ्याने प्रथम गाडीचे चालण्याचे ठिकाण व तिची कायदेशीर स्थिती निश्चित करावी, नंतर पूर्णतेच्या दिवसापासून मागे मोजत यावे, प्रत्येक कामाचे तीन अंदाज करावेत, न दिसणाऱ्या बाबी दिसणाऱ्या बाबींइतक्याच काळजीने लिहाव्यात आणि ऋतूंना त्यांचा वाटा द्यावा. हमरापूरच्या मांडवात हे सर्व सूत्ररूपाने कोणी शिकविलेले नाही. तरीही चतुर्थीच्या पहाटे रिकामा झालेला कारखाना हा त्या नियोजनाचा दरवर्षी मिळणारा दाखला असतो.